डेकलखालची हवा

बेंगळुरूत जुन्या विमानतळाच्या रस्त्याला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालय आहे. मरुत, अजित, किरण ही याच शहरात घडलेली विमाने तिथे अगदी जवळून पाहता येतात. तिथून परतलेल्या माणसाला आपल्याही टेबलावर असे एखादे विमान असावे असे वाटले, तर तो बहात्तराव्या हिश्श्याचा किट आणतो, सुटे भाग जोडतो, सांधे घासतो, रंग देतो. इथवर सहसा निभावते. मग पंखावर भारतीय हवाई दलाचे गोल चिन्ह, म्हणजे राउंडेल, लावायची वेळ येते, खोक्यातल्या डेकलच्या कागदाला पहिल्यांदा पाणी लागते आणि महिनाभराच्या मेहनतीवर एका रात्रीत विरजण पडते.

मॉडेल बनवण्याच्या साऱ्या टप्प्यांत ऐकीव सल्ल्यांची सर्वाधिक गर्दी याच टप्प्यावर असते. त्याला कारण आहे. रंग चुकला तर तो ब्रश हातात असतानाच दिसतो. डेकलचा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. रात्री ओले असताना ते झकास दिसत होते, सकाळी त्याखाली चंदेरी धुके पसरलेले असते. मधल्या आठ तासांत काय घडले ते कुणी पाहिलेले नसते. म्हणून संशय सहज हाताशी असलेल्यांवर जातो: डेकल छापणारी कंपनी, टँकरचे पाणी, पावसाळी हवा, किंवा आपण विकत न घेतलेली ती महागडी बाटली. कारण अंदाजाने जोडायची ही सवय त्या संग्रहालयाच्या परिसरालाही लागलेली दिसते. जवळच्या मराठहळ्ळीचे नाव मरुत विमानावरून पडले, असे तिथे हमखास ऐकायला मिळते. मराठी पाहुण्याला त्यात अर्थातच मराठे दिसतात. त्याचा निवाडा इथे करायचा नाही. डेकलबद्दलच्या समजुतींचा मात्र करता येतो, कारण त्या घरच्या टेबलावर तपासता येतात.

"डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे स्टिकर."

दोन्ही कागदावर छापून येतात, दोन्ही खोक्यातूनच निघतात आणि काही स्वस्त किटमध्ये खरोखरच स्टिकर असतात, त्यामुळे हा घोटाळा होणे स्वाभाविक आहे. पण रचना अगदी वेगळी. स्टिकरच्या पाठीला दाबल्यावर चिकटणारा गोंद असतो. डेकलमध्ये सर्वांत खाली पाणी शोषणारा कागद, त्यावर डेक्स्ट्रिनचा पातळ थर, त्यावर लॅकरची पारदर्शक फिल्म आणि तिच्यावर छपाईची शाई असते. डेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून बनते. आपल्या ओळखीच्या खळीचेच ते नातलग. कागद खालून पाणी पितो, डेक्स्ट्रिन विरघळते आणि फिल्म शाईसकट सुटून सरकू लागते. ती मॉडेलवर टिकते ती या पातळ डिंकामुळे, आणि त्याहून जास्त पृष्ठभागाला किती लगटून बसली त्यामुळे. स्टिकर समजून अंगठ्याने दाबणाऱ्याच्या हाती म्हणूनच बहुधा अर्धे राउंडेल येते. डेकलचे काम दाबण्याचे नाही, खालचे पाणी आणि हवा बाहेर काढण्याचे आहे. पुढच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

"जितके भिजेल तितके चांगले सुटते, उकळते पाणी तर उत्तमच."

चणे भिजवण्याचा न्याय इथे लागू होत नाही. डेकल दहा-पंधरा सेकंद पाण्यात बुडवून चिमट्याने बाहेर काढावे आणि ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवावे. कागदात शिरलेले पाणी उरलेले काम करते. वाटीत तरंगत ठेवले तर ते सुटते खरे, पण सगळे डेक्स्ट्रिन पाण्यात उतरते, फिल्म एकटीच तरंगते आणि बहुतेकदा स्वतःभोवती गुंडाळी करून बसते. कोमट पाण्याने डिंक लवकर विरघळतो, हा अनुभव खरा आहे. त्याच अनुभवाला ताणून लोक उकळत्या पाण्यापर्यंत जातात. उष्णतेने फिल्मही मऊ होते आणि मऊ झालेली पातळ फिल्म चिमट्याला लागताच ताणली जाते. साडेबारा मिलिमीटरचे वर्तुळ एकदा लंबगोल झाले की त्याला परत वर्तुळ करता येत नाही. हाताला सोसेल इतके कोमट पाणी पुरते.

"बोअरचे पाणी जड असते, त्यात डेकल धरतच नाही."

हा खास बेंगळुरूचा समज, आणि यात अर्धे तथ्य आहे. शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणले जाते, पण ते सगळ्या वस्त्यांना पुरत नाही. बाहेरच्या भागांत बोअर किंवा टँकर हाच आधार. या पाण्यात क्षार भरपूर. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या कडेला पांढरी पुटे बसलेली दिसतात. तेच पांढरे डेकलच्या कडेला दिसले की दोष पाण्याचा, असे ठरते. प्रत्यक्षात जड पाण्यातही डेक्स्ट्रिन विरघळते आणि डेकल व्यवस्थित बसते. पाणी सुकल्यावर क्षार मागे राहतात, तो डागाचा प्रश्न आहे, चिकटण्याचा नाही.

शिवाय प्रत्येक पांढरा डाग क्षाराचाच असतो असेही नाही. उरलेले डेक्स्ट्रिनही सुकल्यावर फिकट किंवा तपकिरी चकाकी ठेवते. ओळखायला सोपे आहे. डेकल पूर्ण सुकल्यावर ओल्या कापडाने हलके पुसावे. डाग गेला तर तो डिंक होता. पाण्याने हलला नाही, पण पाणी घातलेल्या व्हिनेगरच्या थेंबाने गेला, तर क्षार. आणि मुळातच कटकट नको असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरचे अर्धे फुलपात्र सबंध विमानाला पुरते.

"डेकलखाली चंदेरी दिसते, म्हणजे डेकलचा दर्जा वाईट."

सर्वांत जुना, सर्वांत पक्का आणि सर्वांत महाग गैरसमज. महाग अशासाठी की यावर विश्वास ठेवून लोक परदेशातून दुसऱ्या कंपनीचे डेकल मागवतात, तेही तसेच चंदेरी होतात आणि मग तिसरी कंपनी शोधली जाते.

प्लास्टिकचा एक चमचा घ्यावा. अर्ध्या भागाला मॅट हिरवा रंग द्यावा. उरलेल्या अर्ध्याला तोच रंग देऊन, तो सुकल्यावर वर ग्लॉस क्लिअरचा हात द्यावा. दिवसभर सुकू द्यावे. मग खोक्यातले नको असलेले एखादे डेकल दोन्ही अर्ध्यांच्या मधल्या रेषेवर आडवे लावावे, एक बाजू मॅटवर, दुसरी ग्लॉसवर. ओले असताना दोन्ही बाजू सारख्याच स्वच्छ दिसतात. सकाळी भिंग घेऊन पाहावे. ग्लॉसवर फिल्मची कड शोधावी लागते. मॅटवर तिथेच फिल्म अचानक राखाडी-चंदेरी होते आणि त्या चंदेरीत असंख्य बारीक ठिपके दिसतात. डेकल एक, छपाई एक, पाणी एक, हवामान एक. बदलला तो फक्त पृष्ठभाग.

मॅट रंग मॅट दिसतो तो खडबडीत असल्यामुळे. त्याचा पृष्ठभाग भिंगाखाली खाचखळग्यांचा असतो. प्रकाश त्यावर आपटून सगळ्या दिशांना विखुरतो आणि म्हणून चमक येत नाही. त्यावर डेकल ठेवले की फिल्म उंचवट्यांवर टेकते आणि खड्डे पाण्याने भरलेले राहतात. पाणी सुकते, त्या जागी हवा येते. पारदर्शक फिल्म आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. हजारो बारीक खड्ड्यांवरून असा परतलेला प्रकाश म्हणजेच ती चंदेरी झाक. न्हाणीघराच्या खिडकीची दुधी काच यासाठी आठवावी. खडबडीत बाजूवर पाणी उडाले की तेवढ्यापुरते पलीकडचे दिसू लागते, कारण खड्डे पाण्याने भरतात; सुकली की काच पुन्हा दुधी. ओले डेकल रात्री सुंदर का दिसते आणि सकाळी का बिघडते, याचे उत्तर हेच.

आणखी एक पुरावा विमानांच्याच इतिहासात आहे. ओझरच्या कारखान्यात, म्हणजे आपल्या नाशिकजवळ, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने मिग-२१ विमाने बांधली. हवाई दलातून ती २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली, त्यामुळे मिगचे किट सध्या अनेकांच्या टेबलावर आहेत. सुरुवातीच्या काळातले, न रंगवलेल्या चकचकीत धातूचे मिग करणाऱ्याला चंदेरीचा त्रास जवळजवळ होत नाही. त्याच खोक्यातून, त्याच कागदावरचे डेकल वापरून रंगीबेरंगी मॅट कॅमोफ्लाजचे मिग करणारा मात्र वैतागतो. कागद वाईट असता तर दोघांचीही गत सारखी झाली असती.

तरीही हा समज इतका तग का धरतो? कारण जाड डेकल खरोखर असतात, आणि जाड फिल्म खड्ड्यांत उतरायला जास्त कुरकुर करते. चांगल्या छपाईची पातळ फिल्म मॅटवरही थोडी बरी बसते. म्हणजे दर्जाचा वाटा आहे, पण तो दुय्यम. झालेली चंदेरी बहुतेकदा सुधारता येते: बारीक सुईने फिल्मला जागोजाग टोचावे, त्या छिद्रांवर फिल्म मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा थेंब सोडावा, सुकू द्यावे, लागले तर पुन्हा करावे. खालची हवा हटली की चंदेरीही हटते.

"ग्लॉस कोट दिला तर लढाऊ विमान खेळण्यासारखे चमकेल."

दिल्यानंतर दोन दिवस ते तसेच चमकते. शोकेसमध्ये ठेवण्यासाठी तो कोट नसतोच. डेकल बसल्यावर, पाण्याने पुसून स्वच्छ केल्यावर, वरून मॅट किंवा सॅटिन क्लिअर मारले की चमक जाते आणि तो वरचा कोट फिल्मची कडही झाकतो. डेकलला चमक लागत नाही, गुळगुळीतपणा लागतो. बाटलीतले ग्लॉस क्लिअर हा तो मिळवण्याचा सोपा मार्ग आहे, एवढेच. एखाद्याने सॅटिन रंगच अतिशय पातळ थरांत मारून बारीक पॉलिश पेपरने फिरवला, तर ग्लॉसशिवायही काम होते. उलट, दाणेदार पडलेला ग्लॉस चकाकत असूनही चंदेरी देतो.

इथे बेंगळुरूच्या पावसाळ्याची एक खोडी सांगायला हवी. जुलैत ढगाळ संध्याकाळी स्प्रे कॅनने लॅकर मारले की विमानावर पांढुरके धुके येते आणि डेकल चंदेरी झाले अशी ओरड होते. ती चंदेरी नाही. लॅकरमधला द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि लॅकरमध्येच अडकतो. ओळखण्याची खूण: चंदेरी फक्त डेकलच्या हद्दीत असते, हे धुके डेकल नसलेल्या भागावरही पसरते. कोरड्या दुपारी तेच लॅकर पुन्हा हलके मारले की बहुधा निघून जाते. दोन आजार, दोन औषधे. एकाचे औषध दुसऱ्याला देऊन कैक मॉडेल वाया गेली आहेत.

"सेटर आणि सॉफ्टनर एकच, बाटल्या दोन काढल्या की विक्री दुप्पट."

कंपन्यांबद्दलचा हा संशय समजण्यासारखा आहे. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल, किंवा मिस्टर मार्क सेटर आणि मिस्टर मार्क सॉफ्टर, या जोड्या नावानेच गोंधळात टाकतात, आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्या छोट्या बाटल्यांची किंमत भुवया उंचावणारी होते. पण कामे वेगळी आहेत. सेटर डेकलच्या आधी, पृष्ठभागावर लावतात. तो पाण्याचा ताण मोडतो, त्यामुळे पाणी थेंब धरून न बसता सपाट पसरते आणि डेकल हवे तिथे सरकवता येते. सॉफ्टनर डेकल जागेवर बसल्यानंतर, वरून लावतात. तो फिल्म मऊ करतो, इतकी की ती पत्र्यांच्या जोडरेषांत आणि रिव्हेटांच्या खळग्यांत उतरते. सपाट पंखावरच्या साध्या राउंडेलला दोन्हींची गरज पडेलच असे नाही. गुळगुळीत पृष्ठभाग, स्वच्छ पाणी आणि ओल्या कापडाचा बोळा इतक्यावर ते बसते. इंधनटाकीच्या टोकासारख्या दुहेरी वळणावर मात्र सॉफ्टनरला पर्याय नाही.

"सॉफ्टनरने सुरकुत्या पडल्या म्हणजे डेकल गेले."

या समजाने जितकी डेकल फाटली, तितकी सॉफ्टनरने फाटली नसतील. नेमके काय होते ते पाहू. राउंडेल जागेवर आहे, खालचे पाणी टिपून घेतले आहे. ब्रशने वरून सॉफ्टनर फिरवला. पहिले मिनिट काहीच नाही. मग एका कडेला बारीकशी लाट उठते. बघता बघता सगळे राउंडेल भाजलेल्या पापडासारखे वाकडेतिकडे होते, केशरीवर घड्या, हिरव्याच्या कडेला फुगवटा. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि बोट पुढे सरकते. हाच तो क्षण. फिल्म द्रावक शोषून फुगली आहे, म्हणून ती पसरू पाहते आणि जागा नसल्याने सुरकुतते. या अवस्थेत तिला ओल्या टिश्यूइतकीही ताकद नसते. बोट लावले की फाटते, ब्रशने सपाट करू गेले की शाई ओघळते. हात मागे घेऊन अर्धा-पाऊण तास दुसरे काही करावे. द्रावक उडतो, फिल्म आकसते आणि आकसताना पृष्ठभागावर ताणून बसते. घड्या आपोआप जातात आणि जोडरेषा राउंडेलमधून आरपार दिसू लागते, जणू रंगवलेलीच.

मात्र हे बाटलीच्या जोरावरही अवलंबून आहे. वॉल्थर्सचे सॉल्व्हासेट कडक म्हणून प्रसिद्ध आहे. जाड जुन्या डेकलना ते नरम आणते, पातळ नव्या डेकलना कधी कधी विरघळवते. त्यामुळे सौम्य द्रवाने सुरुवात करावी आणि कागदाच्या कोपऱ्यातल्या, कंपनीच्या नावाच्या डेकलवर आधी प्रयोग करावा. ते नाव विमानावर कुणी लावत नाही. त्याचा उपयोगच हा.

"ही सगळी औषधे म्हणजे नुसते व्हिनेगर."

मायक्रो सेटचे झाकण उघडले की स्वयंपाकघरातला ओळखीचा आंबट वास येतो, कारण त्यात खरेच ॲसेटिक आम्ल असते. त्यामुळे हे म्हणणारा खोटे बोलत नसतो, नाकाने पाहिलेले सांगत असतो. किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर पाणी घालून सेटर म्हणून चालते. पृष्ठभागावरचा किंचित तेलकटपणा काढते आणि डेकल बसायला मदत करते. पण ते सॉफ्टनर नाही. फिल्म मऊ करणारे द्रावक त्यात नाहीत, त्यामुळे जोडरेषेत उतरण्याची अपेक्षा ठेवून व्हिनेगरचे हातावर हात मारत बसण्यात अर्थ नाही. इथून काही जण पुढची उडी मारतात: व्हिनेगर सौम्य पडते, मग नेलपॉलिश रिमूव्हर वापरून पाहू. रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतो आणि किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरीनचे. ॲसिटोन डेकल विरघळवतो, त्याखालचा रंग विरघळवतो आणि मग पंखालाच हात घालतो.

"पिवळे पडलेले जुने डेकल फेकून द्यावेत."

पिवळेपणा आणि ठिसूळपणा हे दोन वेगळे विकार आहेत, ते एकत्र दिसतात म्हणून एक समजले जातात. पिवळी पडते ती पारदर्शक फिल्म, वर्षानुवर्षांच्या ऑक्सिडेशनने. हा पिवळेपणा उन्हातल्या अतिनील किरणांनी बराचसा उडतो. कागद झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून, छापील बाजू काचेकडे करून, उन्हाच्या खिडकीला चिकटवावा. फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ उन्हात काही दिवसांत फरक दिसतो. पावसाळ्यात महिना गेला तरी फारसे होत नाही. रोज पाहत राहावे, कारण ऊन शाईही फिकी करते आणि केशरी रंग आधी जाण्याची भीती असते.

ठिसूळपणा पाहायचा तर नको असलेला तुकडा पाण्यात टाकून पाहावा. तो चुरला तर सगळा कागद तसाच चुरणार. मग पाण्याला शिवण्याआधी संपूर्ण कागदावर क्लिअर लॅकरचा किंवा डेकल फिल्मच्या द्रवाचा एक थर द्यावा. यानंतर सगळी डेकल एकाच अखंड फिल्मखाली जोडलेली असतात, म्हणून प्रत्येक डेकल कडेला लागून कापावे लागते. हे कंटाळवाणे आहे. तिसरा विकार आपल्या हवेचा: डेक्स्ट्रिन ओलावा ओढते, आणि पावसाळ्यात एकमेकांवर ठेवलेले कागद एकमेकांना चिकटतात. मध्ये बटर पेपर आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या की निम्मे आयुष्य वाढते, अशी मॉडेलवाल्यांत म्हणण्याची पद्धत आहे. आकडा सोडून द्यावा, सल्ला घ्यावा.

"रंगीत प्रिंटर असला की राउंडेल घरीच छापता येते."

भारतीय विमानांची डेकल दर वेळी किटबरोबर येत नाहीत, म्हणून हा मोह होतो आणि तो चुकीचाही नाही. अडचण पांढऱ्या रंगाची आहे. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. छापील पानावरचे पांढरे म्हणजे कागदाचे पांढरे. पारदर्शक डेकल पेपरवर राउंडेल छापले की मधले पांढरे वर्तुळ कोरेच राहते आणि त्यातून खालचा हिरवा-करडा कॅमोफ्लाज दिसतो. केशरीही मळकट होते, कारण शाई पातळ आणि खालचा रंग गडद. उपाय पांढऱ्या डेकल पेपरचा. त्यावर कापताना कडेला पांढरी किनार राहण्याचा धोका असतो, पण राउंडेलची बाहेरची कड हिरवी आहे, त्यामुळे गोल कटरने त्या हिरव्यावरूनच कापले की पांढरे दिसत नाही. विमानाचे काळे क्रमांक मात्र पारदर्शक कागदावरच छापावेत. इंकजेटची शाई पाण्यात उतरते, म्हणून भिजवण्याआधी क्लिअर स्प्रेचे दोन-तीन हलके हात हवेत. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे वितळवून बसवलेले प्लास्टिक, त्याला पाण्याची भीती नाही.

एक हिशेब मात्र प्रत्येक जादा थराआधी करावा. फिल्म शतांश मिलिमीटर जाड असली तर बहात्तर पटीने ती खऱ्या विमानावर पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याएवढी होते. तीन हात स्प्रे मारून ती तिप्पट केली की राउंडेल रंगवलेले न वाटता पाटीसारखे ठोकलेले वाटते.

"राउंडेल म्हणजे गोल केलेला तिरंगा: बाहेर केशरी, आत हिरवा."

झेंड्यात केशरी वर, म्हणजे पहिला. म्हणून वर्तुळातही पहिला, म्हणजे बाहेरचा. तर्क सरळ आहे, उत्तर उलटे. भारतीय हवाई दलाच्या राउंडेलमध्ये केशरी मध्यभागी, मग पांढरे आणि बाहेर हिरवे. घरी छापणाऱ्यांकडून ही चूक सर्रास होते आणि ती विमान शोकेसमध्ये गेल्यावर पहिल्या पाहुण्याला दिसते. स्वातंत्र्यानंतर काही काळ, १९५० पर्यंत, राउंडेलमध्ये अशोकचक्र होते. त्या काळातले टेम्पेस्ट किंवा स्पिटफायर करणाऱ्याला आजचे राउंडेल चालणार नाही. उलट एचटी-२ ला चक्र चालणार नाही, कारण ते पहिल्यांदा उडाले १९५१ मध्ये. एचटी-२ चे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे. ते गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकून आलेले आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवलेले मराठी वैमानिकी तज्ज्ञ. त्यांच्या विमानाचा चांगला किट हाती लागला तर राउंडेल तरी बिनचूक असावे.

"संग्रहालयातले विमान पाहिले की शंका उरत नाही."

उरतात, आणि नव्याही तयार होतात. मरुत १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडाले. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली ते याच शहरात घडले आणि १९७१ च्या युद्धात लढले. आज ते बेंगळुरूत पाहता येते, तसेच पुण्याच्या कमला नेहरू पार्कमध्ये आणि मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातही. प्रत्यक्ष विमानासमोर उभे राहून घेतलेला फोटो कुणीही पुरावा मानेल. पण उघड्यावर ठेवलेल्या विमानाला ऊनपावसापासून वाचवण्यासाठी पुन्हा पुन्हा रंग दिला जातो, आणि दर वेळी राउंडेलचा आकार, क्रमांकाची अक्षरे, बारीक सूचना मूळ मापाने उतरतातच असे नाही. रंगाऱ्याचे काम विमान टिकवण्याचे असते. त्यामुळे आकार, सांधे, चाकांची रचना विमानावरून घ्यावी. चिन्हांसाठी मात्र ते विमान सेवेत असतानाचा, साल माहीत असलेला फोटो शोधावा. त्यात राउंडेल हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या किती मागे आहे हे दिसते, आणि सरकवायला डेकल ओले आहे तोवरच वेळ असतो.